एकाच गोचिडाचे अनेक ताप

तुमच्या खांद्याला एक झोळी आहे. झोळीत सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांची डबी, गिम्साच्या रंगाची बाटली आणि थर्मामीटर. औषध मात्र एकही बरोबर घ्यायचं नाही. ज्या सालात उतराल, त्या सालात जे मिळत असेल तेवढ्यावर भागवायचं.

पहिला मुक्काम १९५५. जत तालुक्यातलं एक गाव, वैशाखाचं ऊन. जिल्हा कोणता विचारलंत तर लोक ‘दक्षिण सातारा’ सांगतात. १९४९ साली साताऱ्यातून हा भाग वेगळा काढला. ‘सांगली’ हे नाव त्याला १९६० साली मिळणार आहे. लिंबाखाली एक म्हातारा पांढऱ्याशुभ्र खिल्लार खोंडाच्या मानेखाली हात घालून गोचीड वेचतो आहे. वेचलेला प्रत्येक गोचीड तो शेजारच्या गोवरीच्या निखाऱ्यात टाकतो. तट्‌ असा आवाज होतो आणि करपट वास सुटतो. बाजूला तंबाखू भिजवलेल्या पाण्याची घागर आहे; दुपार टळली की त्या पाण्यानं खोंडाला पुसायचं.

‘आबा, गोचिडानं जनावर आजारी पडतं का हो?’ तुम्ही विचारता.

‘रगत पितंय, दुसरं काय करतंय? वाळतं जनावर. गोचिडानं मरतंय व्हय कुठं?’

आबांची परवानगी घेऊन तुम्ही खोंडाच्या कानाच्या टोकाला सुई टोचता, पहिला थेंब काचेवर ओढता, वाळवता, रंगवता. शेकडो तांबड्या पेशी नजरेखालून जातात, सगळ्या निरोगी. मग एका पेशीत एक बारीक निळसर कडं दिसतं. पुष्कळ वेळानं आणखी एक. हा थायलेरिया नावाचा परजीवी. खोंडाच्या अंगात तो आहे, पण खोंड डौलात उभा आहे, वैरण खातो आहे, त्याला ताप नाही.

आबांचं म्हणणं त्यांच्या गोठ्यापुरतं खरंच आहे. इथली गाय आणि इथला गोचीड हजारो वर्षं एकत्र राहिले आहेत. वासरू जन्मल्यापासून थोडे थोडे गोचीड त्याला चावतात, लहान वयात हलकासा संसर्ग होऊन जातो, वासरू दोन दिवस मलूल पडतं आणि उठतं. पुढे ते परजीवी अंगात वागवत जगतं, पण त्यांच्यापायी आजारी पडत नाही. त्या गावात रोग नाही असं नव्हे. त्याला तिथे तोंड वर काढायला जागा मिळालेली नाही. हा खोंड लक्षात ठेवा. रक्तात परजीवी सापडणं आणि जनावर आजारी असणं यांत केवढं अंतर असतं, ते पुढे समजून घ्यायचं आहे.

आता बरंच मागे जायचं. १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. गुराढोरांच्या रोगांसाठी देशात उघडलेली ही पहिली मोठी प्रयोगशाळा साताऱ्यापासून इतकी जवळ होती. पण भरवस्तीत साथीच्या रोगांचे जंतू वाढवणं धोक्याचं, म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, ती हीच.

ती प्रयोगशाळा हलली त्याच १८९३ सालात अमेरिकेत एक अहवाल छापला जातो. तुम्ही वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगक्षेत्रावर उतरता. थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्य फ्रेड किलबोर्न चार वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे आहेत. दक्षिणेकडून आलेली धडधाकट गुरं उत्तरेच्या कुरणात चरली की उत्तरेची गुरं लाल मुतून का मरतात? किलबोर्ननं काही दक्षिणी गुरांच्या अंगावरचा एकेक गोचीड हातानं काढला आणि ती गुरं उत्तरेच्या गुरांत सोडली: कोणी आजारी पडलं नाही. गोचीड असलेली सोडली: आजार आला. दुसऱ्या एका कुंपणात नुसते गोचीड टाकले, दक्षिणेची गुरं नव्हतीच: तरीही आजार आला. किड्यामकोड्यातून रोग पसरतो याचा हा पहिला भक्कम पुरावा. डासातून मलेरिया पसरतो हे सिद्ध व्हायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

स्मिथ सूक्ष्मदर्शकापासून बाजूला होतो आणि तुम्ही भिंगाला डोळा लावता. तांबड्या पेशीत टोकाशी जोडलेले दोन थेंब. हा बॅबेसिया. पण जरा थांबा, काचपट्टी सरकवा. काही पेशींच्या अगदी कडेला एकेक गडद ठिपका आहे. स्मिथनंही तो पाहिला, प्रामाणिकपणे नोंदवला आणि लिहिलं की ही त्याच परजीवीच्या वाढीतली एक अवस्था असावी.

तुम्हाला ते सांगावंसं वाटतं, पण सांगता येत नाही. तो ठिपका निराळ्याच जिवाचा आहे. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर दाखवून देईल की हा बॅबेसिया नव्हे, हा वेगळा रोग आहे. पेशीच्या कडेला राहतो म्हणून त्याला नाव मिळेल ॲनाप्लाझ्मा मार्जिनाले. म्हणजे ज्या संशोधनानं गोचीडतापाचा उलगडा केला, त्याच्याच काचपट्टीवर दोन रोग एकत्र बसले होते, आणि सतरा वर्षं ते दोन आहेत हे कळलं नाही.

रॉबर्ट कॉखचंही असंच झालं. १८९७ साली तो प्लेगच्या कामासाठी मुंबईला आला, मुक्तेश्वरलाही जाऊन आला, आणि मग दार-ए-सलामला गेला. तिथल्या गुरांच्या रक्तात बॅबेसियाबरोबर त्याला बारीक कडी आणि काड्या दिसल्या. त्यानं त्यांना बॅबेसियाची पिल्लं मानलं. ती थायलेरिया वंशाची निघाली. थायलेरियाग्रस्त गाठीतल्या पेशींत जे निळे पुंजके दिसतात, त्यांना आजही कॉखचं नाव आहे. क्षयाचा आणि पटकीचा जंतू शोधणारी ही नजर. तिचं काय चुकलं, ते समजून घेण्यासारखं आहे. समोर दिसणाऱ्या आजाराला पुरेल एवढं कारण सापडलं, आणि उरलेलं जे दिसलं ते त्याच कारणाच्या पदरात टाकलं गेलं. गोचिडाच्या बाबतीत ही सवय फार महागात पडते.

आता १९७८, कराडच्या पूर्वेला कृष्णाकाठचं गाव, श्रावण. उसाच्या फडातून येणारी ओल, गोठ्यात धूर. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था सुरू केली, आणि संकरित गायींचं वारं गावोगाव पोचलं. इथल्या दावणीलाही एक काळीपांढरी एचएफ संकर बांधली आहे. दुसरं वेत, विऊन तीन आठवडे झालेले. या घराला कर्ज काढून मिळालेली पहिली रोजची कमाई म्हणजे ही गाय.

‘डॉक्टर, परवापासनं रवंथ करत न्हाई बघा. आणि लघवी पार लालभडक हुतीया,’ मावशी सांगते. ती तुम्हाला डॉक्टरच समजते, कारण तुमच्या हातात थर्मामीटर आहे.

१०६ अंश. कानाच्या रक्ताची पट्टी तुम्ही तिथेच करता. जोडीजोडीनं लोंबणारे थेंब, भरपूर. शंकाच नाही. गावातले पशुधन डॉक्टर सायकलवरून येतात, पट्टीवर नजर टाकतात, मान डोलावतात. डिमिनाझीन १९५५ पासून बाजारात आहे आणि त्यांच्या पेटीतही आहे. किलोला साडेतीन मिलिग्रॅम, खोल मांसात. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ होते. मावशी तुमच्यापुढे चहा ठेवते.

चौथ्या दिवशी ताप परत १०६. डोळ्यांतून पाणी, धाप, तोंडाला वैरण नको. तुम्ही खांद्याच्या पुढच्या बाजूला हात लावता आणि गाठ हाताला लागते, मुठीत मावणार नाही अशी. ती पहिल्या दिवशीही होती, थोडी लहान. पण पहिल्या दिवशी लघवी लाल होती आणि पट्टीवर उत्तर सापडलं होतं, म्हणून मानेपासून मांडीपर्यंत कोणी हात फिरवला नाही. गाठीत सुई घालून काढलेला थेंब तुम्ही रंगवता. मोठ्या पांढऱ्या पेशींच्या पोटात निळे पुंजके. बॅबेसिया मेला, थायलेरिया दोन्ही वेळा तिथेच होता.

पेटीत ऑक्सिटेट्रासायक्लिन आहे, ते दिलं जातं. लागण नुकतीच झालेली असती तर कदाचित त्याचा उपयोग झाला असता. एकदा गाठी फुगल्या की त्याचं बळ पुरत नाही. थायलेरियाला नेमकं मारणारं औषध १९७८ च्या भारतात कोणत्याच पेटीत नाही. आठव्या दिवशी गाय जाते.

‘लघवी तर पांढरी झाली हुती की हो, डॉक्टर,’ मावशी म्हणते.

तुमच्याकडे उत्तर आहे, पण ते देण्याचा हा दिवस नव्हे. उत्तर असं की खिल्लारानं जे लहानपणी सोसून पचवलं होतं, ते या गायीच्या रक्ताला ठाऊकच नव्हतं. परदेशी रक्त जितकं जास्त, तितका थायलेरिया जहाल. गोचीड तेच होते, शिवार तेच होतं. बदलली होती दावणीची गाय, आणि तिच्यासाठी गोचिडाचा अर्थही बदलला होता. दूधवाढीच्या त्या वर्षांत वीर्यकांड्या गावात आधी पोचल्या आणि गोचिडाचं ज्ञान नंतर. याची किंमत कर्जबाजारी घरांनी मोजली, असं मला वाटतं, आणि ते आपण पुरेसं बोललेलो नाही.

तेच घर, १९९४. दावणीला त्याच रंगाची दुसरी गाय आहे. आता कारभार सुनेकडे आहे. मावशी ओट्यावर बसून आहे. तिला तुम्ही आठवत नाही. पुन्हा ताप, पुन्हा लाल लघवी. या वेळी तुमचे हात वेगळे चालतात. कानाच्या रक्ताची पट्टी करता, आणि तिच्यावर काय दिसतं याची वाट न पाहता गाठीतूनही थेंब काढता. डोळ्याची पापणी उलटून पाहता: पांढरीफटक, किंचित पिवळी. रक्त नळीत घेऊन तांबड्या पेशींचा वाटा मोजता: शंभरात अकरा.

दोन्ही पट्ट्यांवर दोन रोग निघतात. आणि आता पेटीत बुपार्वाक्वोन आहे. वेलकम या औषधकंपनीच्या संशोधकांनी ऐंशीच्या दशकात ते तयार केलं. किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे चारशे किलोच्या गायीला वीस मिलिलिटर, मानेच्या मांसात. गरज वाटली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. ते थायलेरियाला मारतं. बॅबेसियासाठी डिमिनाझीन वेगळं द्यावंच लागतं. एकाच गायीच्या एकाच तापाला दोन सुया का, असं सून विचारते, आणि तिला ते सांगायलाच हवं. पैसे ती मोजणार आहे.

अकरा टक्के पेशींवर मात्र औषध उपयोगी पडत नाही. शेजारच्या गोठ्यातल्या धट्ट्याकट्ट्या बैलाचं रक्त सायट्रेट घातलेल्या बाटलीत घेऊन हळूहळू गायीला चढवलं जातं. गायींना पहिल्या वेळी दुसऱ्या जनावराचं रक्त सहसा चालून जातं. तासाभरानं ती कान हलवते. तिसऱ्या दिवशी वैरणीला तोंड लावते.

इथे निघून जाऊ नका. दहाव्या दिवशी परत या. गाय खाते आहे, ताप नाही, पण पापणी अजून पांढरी आहे, शेण कडक आहे, आणि लघवी स्वच्छ असूनही कावीळ वाढली आहे. तिसरी पट्टी करा. पेशींच्या कडेला ठिपके! स्मिथनं १८९३ साली पाहिलेले तेच. ॲनाप्लाझ्माचा उबवण काळ लांब असतो, बहुधा तीनचार आठवडे. त्यामुळे पहिल्या दोघांबरोबरच शिरलेला हा तिसरा उशिरा डोकं वर काढतो. याला बुपार्वाक्वोन चालत नाही. याला ऑक्सिटेट्रासायक्लिन चालतं, जे १९७८ साली थायलेरियापुढे हरलं होतं. इमिडोकार्ब हे औषध बॅबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा दोघांवर चालतं, पण मात्रा वेगवेगळी लागते आणि थायलेरियाला ते धक्का लावत नाही. तिघांना एकदम आवरणारं एकच औषध नाही. म्हणून कोण कोण आहे हे आधी शोधावं लागतं.

सून कपाळाला हात लावते. ‘एवढं सगळं एका गोचिडानं?’

एकानं नव्हे, हे तिला दाखवायला गोठ्यातच चला. गायीच्या मांडीवर, कासेजवळ, शेपटीखाली जो निळसर, टपोरा गोचीड आहे, तो अळीपासून अंड्यावर येईपर्यंत तीन आठवडे त्याच गायीवर राहतो. मग खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालतो. बॅबेसिया त्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं जन्मतानाच रोग घेऊन येतात. आता भिंतीकडे पाहा. मातीच्या भिंतीच्या चिरेत बोट घाला, दगडांच्या सांध्यात पाहा. तिथे दुसऱ्या जातीचा गोचीड दडून बसला आहे, पट्टेदार पायांचा. तो रक्त पिऊन गायीवरून उतरतो, भिंतीत कात टाकतो आणि परत चढतो. थायलेरिया त्याच्याबरोबर येतो. गाय कितीही फवारली आणि भिंत तशीच राहिली, तर थायलेरिया घरातच राहतो. चिरा बुजवायच्या, चुना मारायचा, गोठ्याच्या कडेचं पालापाचोळ्याचे ढीग हलवायचे.

आणि ॲनाप्लाझ्मा? तो गोचिडातून येतो, चावऱ्या माशांतून येतो, आणि सुईतूनही येतो. एकाच सुईनं आख्ख्या गोठ्याला इंजेक्शन देत गेलं की शेवटच्या कालवडीपर्यंत तो पोचतो. सुई बदलायला खर्च होतो तो किती? हे मी मुद्दाम मोठ्या आवाजात लिहितो आहे.

थायलेरियावर लसही आहे. प्रयोगशाळेत पेशींत वाढवून दुबळे केलेले परजीवी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि वासरांना टोचतात. नायट्रोजनचं भांडं गावात नेणं अवघड, म्हणून ती हवी तितकी पसरली नाही. वीर्यकांड्यांसाठी मात्र तेच भांडं गावोगाव जात होतं.

यानंतर आजच्या सालात, शिरवळला उतरा. पुणे-सातारा रस्त्यालगत १९८८ पासून इथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. येडेमच्छिंद्रच्या या माणसाचं नाव गुराढोरांच्या कॉलेजला असावं हे मला फार योग्य वाटतं. त्यांच्या प्रतिसरकारची माणसं ज्या घरांत भाकरी खात, त्या घरांच्या दावणीचाच हा विषय आहे. आता प्रयोगशाळेत पीसीआर आहे. थेंबभर रक्तातून एकाच वेळी तिन्ही परजीवींची जनुकं शोधता येतात, काचेवर हजार पेशी पाहूनही न सापडणारे कण यात सापडतात.

इथेच जतचा तो खोंड आठवा. त्याचं रक्त आज या यंत्रात घातलं तर ‘थायलेरिया आढळला’ असा कागद येईल. त्याला बुपार्वाक्वोन टोचायचं? मुळीच नाही. एकदा थायलेरियातून उठलेली गाय बरीच वर्षं, कधी जन्मभर, थोडे परजीवी वागवते. यंत्र सांगतं ‘आहे’. त्याच्यामुळे आजार आहे का, हे सांगत नाही. ते ताप, गाठी, पापणी, पेशींचा वाटा आणि पट्टीवर किती पेशी ग्रासल्या आहेत, यांवरून ठरवायचं. एकावर थांबणं ही जुनी चूक होती. सापडेल त्या प्रत्येकावर औषध मारणं ही नवी चूक, आणि तीही गायीच्या जिवाशी आणि मालकाच्या खिशाशी खेळते.

आता सांगलीला चला, माणसांच्या दवाखान्यात. दिवाळीच्या आधीचे दिवस. कवठेमहांकाळकडचं सहा वर्षांचं पोर, सहावा दिवस तापाचा. गावात डेंग्यू आहे, प्लेटलेट कमी आहेत, म्हणून सगळे डेंग्यूच्या वाटेवर आहेत. सलाईन चालू, वर सेफ्ट्रियाक्सोन. तुम्ही पोराचे तळहात उघडून पाहता, तळपाय पाहता. बारीक लालसर पुरळ तिथेही आहे. पायावर थोडी सूज.

‘घरी कुत्रं आहे का हो, ताई?’

‘हाय की. याच्यासंगच झोपतंय.’

कुत्र्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड रिकेट्सिया कोनोराय नावाचा जंतू वागवतो. त्यातून येतो तो इंडियन टिक टायफस. महाराष्ट्रातले बालरोगतज्ज्ञ हा आजार पाहत आले आहेत, पण पुरळ उठेपर्यंत तो डेंग्यू, टायफॉइड, गोवर अशा कुणाच्याही नावावर खपतो. गोचीड चावला तिथला काळा डाग इथे क्वचितच सापडतो, म्हणून त्याची वाट पाहायची नाही. हा जंतू पेशींच्या आत राहतो. सेफ्ट्रियाक्सोन त्याला शिवतही नाही. लागतं ते डॉक्सिसायक्लिन. पंचेचाळीस किलोच्या आतल्या मुलाला किलोमागे २.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, आणि तपासणीच्या निकालासाठी न थांबता. वाइल-फेलिक्स ही १९१६ सालची तपासणी अजूनही पुष्कळ ठिकाणी हाताशी असलेली एकमेव आहे, आणि पहिल्या आठवड्यात ती बहुधा काही सांगत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांचे दात पिवळे पडतील या भीतीनं हे औषध कितीतरी दिवस अडवून ठेवलं गेलं. थोड्या दिवसांच्या कोर्सनं तसं होत नाही, हे आता मान्य झालं आहे.

ते सुरू होतं आणि पोराचा ताप दोन दिवसांत उतरतो. तसा उतरला नसता तर? तर पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. डेंग्यूचा अहवाल खरा असू शकतो आणि टायफसही खरा असू शकतो. डास आणि गोचीड दोघे एकाच अंगणात राहतात. डॉक्सिसायक्लिनचा ४८ तासांत गुण येणं किंवा न येणं, ही इथे दुसरी काचपट्टी आहे.

घाटाखाली, दोडामार्गला, २०१६ साली असतात, तर डॉक्सिसायक्लिनही चाललं नसतं. काजूच्या बागांत आणि रानात जाणाऱ्या माणसांना त्या वर्षी गोचिडातूनच येणाऱ्या माकडतापानं गाठलं. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात मेलेल्या माकडांपासून सुरू झालेला हा शोध पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, आजच्या एनआयव्हीनं, लावला होता. तो विषाणू आहे. त्याच्यावर जंतूंचं कुठलंही औषध चालत नाही. पाणी, रक्तस्रावावर नजर, शुश्रूषा, एवढंच. रानात मेलेलं माकड दिसलं की आरोग्य केंद्रात कळवणं, ही तिथली सर्वांत लवकरची तपासणी.

शेवटचा मुक्काम जरा लांबून येतो. न्यू जर्सी, जून. मुलाकडे गेलेले कराडचे सत्तरीचे काका परसातल्या गवतात नातवाबरोबर बसतात. गवताच्या पात्यावर खसखशीच्या दाण्याएवढं गोचिडाचं पिल्लू आहे, हरणांच्या मागे फिरणाऱ्या जातीचं. १९७५ साली कनेटिकटमधल्या लाइम गावच्या आयांनी आपल्या मुलांचे सांधे का सुजताहेत म्हणून आवाज उठवला, आणि १९८२ साली विली बुर्गडोर्फरनं याच गोचिडांच्या पोटात लाइमचा सर्पिल जंतू दाखवला. पण हेच पिल्लू माणसांतला बॅबेसियाही आणतं, आणि ॲनाप्लाझ्माचा एक भाऊबंदही. तुम्हाला आता आश्चर्य वाटत नसणार.

जुलैत काका सांगलीला परततात. थंडी वाजून ताप, थकवा, गडद लघवी. रक्ताच्या पट्टीवर पेशींत कडी दिसतात. पॅथॉलॉजिस्टच्या ओठांवर मलेरिया येतो. सांगलीत दुसरं काय यावं? पण मलेरियाचं कार्ड नकारार्थी आहे. तुम्ही विनंती करून भिंगाला डोळा लावता. कड्यांत मलेरियाचा तपकिरी कण नाही. आणि एका पेशीत चार थेंब चौफुलीसारखे जोडलेले आहेत. गायीच्या काचेवरचे चुलत भाऊ.

‘काका, अमेरिकेत गवतात बसला होतात का? अंगावर कुठे लालसर गोल चट्टा उठला होता?’

‘मांडीवर होता. मोठा होत गेला आणि मग गेला. खाज नव्हती म्हणून कुणाला बोललो नाही.’

म्हणजे लाइमही. डॉक्सिसायक्लिन लाइमला चालेल, ॲनाप्लाझ्मा असला तर त्यालाही. बॅबेसियाला चालणार नाही. त्याला ॲटोव्हाकोन आणि ॲझिथ्रोमायसिन लागेल. हे ॲटोव्हाकोन १९९४ सालच्या त्या गायीला दिलेल्या बुपार्वाक्वोनच्याच रासायनिक कुळातलं. ते सहजी मिळालं नाही तर क्लिंडामायसिन आणि क्विनिनची जुनी जोडी आहे. किती टक्के पेशी ग्रासल्या आहेत ते मोजायचं आणि रोज पुन्हा मोजायचं. काकांची प्लीहा काढलेली आहे का, हे विचारायचं राहिलं होतं, ते विचारता. नाही, शाबूत आहे. बरं झालं, ती नसेल तर हाच बॅबेसिया जिवावर बेतू शकतो.

डॉक्टर तीन ओळींचं औषध लिहून देतात आणि परवा सकाळी नवी पट्टी करायला बोलावतात. काकांचा मुलगा न्यू जर्सीहून फोनवर आहे. नातवाच्या कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे आजच नीट पाहा, असं त्याला सांगायला तुम्ही काकांच्या हातून फोन घेता.